कंपवात आणि नित्यकर्म

कोणत्याही कर्माचा विधी सांगण्यापूर्वी तो ज्याला सांगावयाचा तो मनुष्य त्या कर्माचा अधिकारी आहे किंवा नाही याची चौकशी करावी, असा आपल्याकडील पूर्वमीमांसकांचा दंडक होता. आणि अधिकाराच्या ज्या कसोट्या त्यांनी ठरविल्या त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. कर्त्याला त्या कर्माच्या फळाची इच्छा असली पाहिजे, आणि ते कर्म तडीस नेण्याची शक्ती त्याच्या अंगी असली पाहिजे. पहिलीला अर्थित्व म्हणतात, दुसरीला सामर्थ्य. यज्ञयागांच्या संदर्भात निघालेला हा विचार आज दवाखान्याच्या दारात आठवावा असा एक प्रसंग आहे. कंपवाताचा, म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक ज्याला पार्किन्सनचा रोग म्हणते त्याचा, रुग्ण तपासून झाल्यावर डॉक्टर औषधांची चिठ्ठी लिहितात आणि अखेरीस सांगतात, ‘नियमाने व्यायाम करा.’ सल्ला निर्विवाद योग्य असतो. परंतु हा रोग असा विचित्र आहे की त्याचा घाला नेमका या दोन गोष्टींवरच, हालचालीच्या सामर्थ्यावर आणि हालचालीच्या इच्छेवर, पडतो. ज्याचे सामर्थ्यही उणावले आणि अर्थित्वही उणावले, त्याला विधी सांगण्यात हशील काय? आणि न सांगावा, तर जे त्याच्या हिताचे आहे त्यापासून त्याला वंचित ठेवल्याचा दोष कोणाच्या माथी? या प्रश्नाला वैद्यकाची एक बाजू आहे हे खरे. परंतु मुळात तो मला धर्माचा, म्हणजे कर्तव्याच्या स्वरूपाचा, प्रश्न वाटतो.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या वैद्याने १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून, ज्यांतील काहींना तर त्याने रस्त्यातच पाहिले होते, एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. विश्रांत अवस्थेत अवयवांना सुटणारा कंप, स्नायूंची मंदावलेली शक्ती, पुढे वाकलेले धड आणि चालता चालता धावू लागण्याची प्रवृत्ती ही लक्षणे त्याने इतक्या नेमकेपणाने टिपली की पुढे त्याचेच नाव रोगाला मिळाले. इंद्रिये आणि बुद्धी या रोगात अबाधित राहतात, असेही त्याने लिहून ठेवले. नंतरच्या संशोधनाने लक्षणांचे मूळ शोधले: मध्यमस्तिष्कातील सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर भागातील पेशी क्षीण होत जातात, त्यांच्याकडून मिळणारे डोपामिन हे द्रव्य अपुरे पडू लागते, आणि जी कामे निरोगी मनुष्य लक्षही न देता उरकतो, म्हणजे चालताना हात हलविणे, खुर्चीवरून उठणे, सदऱ्याची गुंडी लावणे, अंथरुणात कुशीवर वळणे, ती एकेक करून सायासाची होतात. परंतु त्याच संशोधनाने पार्किन्सनचा दुसरा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा टिकू दिला नाही. डोपामिनचा संबंध जसा अवयवांच्या हालचालीशी, तसाच तो एखादी गोष्ट करावीशी वाटण्याशी, तिच्यासाठी उठावेसे वाटण्याशीही आहे. त्यामुळे कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांत, निरनिराळ्या पाहण्या एकत्र केल्या असता शंभरात चाळिसांच्या आसपास, एक प्रकारची निरिच्छता उत्पन्न होते. हिला दुःख म्हणता येत नाही, खिन्नता म्हणता येत नाही. कशाचीच ओढ वाटेनाशी होते, एवढेच तिचे रूप. घरची माणसे तिचे निदान आपल्या परीने करतात: ‘मनावरच घेत नाहीत’, ‘आळस भरलाय अंगात.’

या ‘आळस’ शब्दात एक नैतिक फिर्याद दडलेली आहे. गीतेने आळस, प्रमाद आणि निद्रा यांची गणना तमोगुणाच्या लक्षणांत केली, आणि सर्वसामान्य व्यवहारात तमोगुणी म्हणजे हलक्या प्रतीचा मनुष्य असा अर्थ रूढ झाला. परंतु ज्या सांख्यदर्शनातून त्रिगुणांची कल्पना आली, त्या दर्शनाने गुणांची जागा प्रकृतीत, म्हणजे जड सृष्टीत, ठरविली आहे. किंबहुना बुद्धी, अहंकार आणि मन यांनाही त्याने प्रकृतीचीच परिणती मानले असून पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध चैतन्याच्या, वाट्याला केवळ साक्षित्व ठेवले आहे. मनाला देहाहून निराळे, स्वतंत्र आणि सार्वभौम मानणाऱ्या तत्त्वज्ञाला, एका रासायनिक द्रव्याच्या तुटवड्याने मनुष्याची इच्छाच खालावते, ही वार्ता मोठ्या अडचणीची वाटेल. सांख्याला तिने धक्का बसण्याचे कारण नाही, कारण देह जितका प्रकृतीचा तितकेच मनही प्रकृतीचे, हे त्याने फार पूर्वीच कबूल करून टाकले आहे. सांख्यांचे सर्व तत्त्वज्ञान मान्य करण्याची येथे गरज नाही. त्यातून निघणारा एवढा न्याय घेतला तरी पुरे, की इच्छेचे मांद्य आणि पायांचे मांद्य ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला खिळले म्हणून रुग्णावर कोणी रागावत नाही. त्याची इच्छा खिळली म्हणून मात्र आपण रागावतो. हा पक्षपात सोडल्यावाचून प्रोत्साहनाचा विचार सुरूच होऊ शकत नाही.

आता व्यायामाने मिळते काय, ते पाहू. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांना रोग होऊन फार काळ लोटला नव्हता आणि ज्यांना औषधेही सुरू झाली नव्हती, अशा १२८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाने आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर, हृदयाची गती तिच्या कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जाईल इतक्या वेगाने चालावे, दुसऱ्याने बेताने चालावे, आणि तिसऱ्याने आपला नेहमीचा क्रम ठेवावा, अशी योजना होती. सहा महिन्यांनी मोजमाप केले तेव्हा नेहमीच्या क्रमात राहिलेल्यांची लक्षणे सरासरी तीन गुणांनी बिघडलेली होती आणि जोमाने चालणाऱ्यांची जवळजवळ होती तिथेच होती. बेताने चालणाऱ्यांचा लाभ तितका स्पष्ट दिसला नाही. त्यापूर्वी, २०१२ साली, अमेरिकेतीलच ऑरेगॉन राज्यात १९५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोनदा ताई ची हा संथ चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि त्यांचे पडणेही कमी झाले. नेदरलँड्समध्ये २०१९ साली १३० रुग्णांच्या बाबतीत घरच्या घरी स्थिर सायकल चालविण्याने लक्षणांच्या बाबतीत ट्रेडमिलच्या अभ्यासासारखाच दाखला मिळाला. झिजलेल्या पेशी व्यायामाने पुन्हा उत्पन्न होतात किंवा रोग समूळ जातो, असा पुरावा मात्र नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये.

पहिल्या प्रयोगाचा निकाल पुन्हा एकदा नीट पाहावा, कारण सर्व तत्त्वचर्चेचे बीज त्यात आहे. ज्यांनी सहा महिने घाम गाळला ते सुधारले नाहीत. ते होते तिथे राहिले. अशा मनुष्याला शेजाऱ्याने विचारले, ‘इतकं चालता रोज, काय फरक पडला?’ तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, ‘काही नाही.’ हे उत्तर खरे आहे, आणि तेच त्याचे यशही आहे. परंतु हे यश डोळ्यांना दिसत नाही, कारण जी अवनती झाली नाही ती कोणी पाहिलेली नसते. जी गोष्ट मिळविण्याची मुळातच ओढ उरलेली नाही, आणि मिळाली तरी जी दिसणार नाही, तिच्यासाठी मनुष्य रोज उठेल कशाला? ‘चाला, म्हणजे बरे वाटेल’ या शब्दांत फळाची लालूच दाखवून केलेले प्रोत्साहन पंधरा दिवसांत कोमेजते, ते याच कारणाने.

येथे मीमांसकांचा दुसरा एक भेद उपयोगी पडतो. कर्मे त्यांनी काम्य आणि नित्य अशी वेगळी काढली. पर्जन्यासाठी कारीरी नावाची इष्टी करावी, पुत्रासाठी पुत्रकामेष्टी करावी. ही काम्य कर्मे होत. फळाची इच्छा नसेल तर ती करण्याचे बंधन नाही. संध्यावंदन किंवा अग्निहोत्र हे नित्य कर्म होय. ते करण्याने काही विशेष पदरात पडते म्हणून ते करावयाचे नसते, परंतु न करण्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष किंवा हानी, प्राप्त होते. प्रत्यवायाच्या स्वरूपाविषयी मीमांसक आणि वेदान्ती यांच्यात पुष्कळ वाद झाला आहे. त्यात न शिरता भेदाचे मर्म व्यवहारातल्या उदाहरणाने सांगता येईल. शेतसारा भरल्याने कोणाच्या जमिनीत एका गुंठ्याचीही भर पडत नाही. परंतु तो थकला की जप्ती येते. कंपवाताच्या रुग्णाचा व्यायाम हा अशा जातीचा आहे. निरोगी तरुण शरीर कमावण्यासाठी तालमीत जातो तेव्हा त्याचे ते काम्य कर्म असते, आणि कंटाळा आला तर ते सोडण्याची त्याला मुभा आहे. रुग्णाचे चालणे, वाकणे, वळणे हे नित्य कर्म आहे, आणि त्याचे समर्थन ‘काय मिळाले’ या हिशेबात शोधू नये. माझ्या मते डॉक्टरांनी, कुटुंबीयांनी आणि स्वतः रुग्णाने करावयाचा पहिला बदल हाच, की व्यायामाला औषधाच्या चिठ्ठीखालच्या शिफारशीच्या सदरातून काढून स्नानभोजनाच्या पंक्तीत बसवावे. स्नान करावेसे वाटते की नाही, असा प्रश्न कोणी रोज सकाळी स्वतःला विचारीत नाही.

नित्य कर्माविषयी मीमांसकांनी जी एक उदार सवलत ठेवली आहे, तीही या रुग्णांच्या फार कामाची आहे. काम्य कर्म सर्व अंगोपांगांसह यथासांग झाले तरच फळ देते. नित्य कर्म मात्र यथाशक्ती केले तरी चालते, एखादे अंग राहिले म्हणून मुख्य कर्म बुडत नाही. कंपवाताच्या रुग्णाचा एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. दिवसाचा एक प्रहरही दुसऱ्यासारखा नसतो. औषधाचा अंमल असेल त्या वेळी जो मनुष्य जिना चढतो, तोच अंमल उतरल्यावर उठण्यासाठी हात मागतो. अशा मनुष्याने ‘आज अर्धा तास व्हायचा नाही, मग राहू दे, उद्या बघू’ असे म्हणणे म्हणजे नित्य कर्माला काम्याचा नियम लावणे होय. दहा मिनिटे जमली तर दहा मिनिटे, उभे राहून जमले नाही तर खुर्चीवर बसून. तेवढ्याने त्या दिवसाचे कर्म झाले. मात्र यथाशक्ती या शब्दाचा आधार कामचुकारपणाला देऊ नये. जेवढी शक्ती आहे तेवढी सगळी, असा त्याचा अर्थ आहे. आणि जोमाने चालणारे व बेताने चालणारे यांच्यात जे अंतर आढळले तेही हेच सांगते, की ज्याच्या प्रकृतीला झेपत असेल त्याने, डॉक्टरांच्या संमतीने, दम लागेपर्यंत चालावे.

याच प्रकरणात प्रतिनिधीचा विचार येतो. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका नावाची वनस्पती वापरावी, अशी शास्त्राची अनुज्ञा आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. त्या न्यायाने आषाढाच्या पावसात रस्ता निसरडा झाला तर घरातला सज्जा चालेल, सायकल फिरविण्याचा धीर होत नसेल तर स्थिर सायकल चालेल, सूर्यनमस्कार झेपत नसतील तर भिंतीला हात टेकून वाकणे चालेल. परंतु त्याच शास्त्राने यजमानाला मात्र प्रतिनिधी नाकारला आहे: ज्याचे कर्म, ते त्यानेच केले पाहिजे. पत्नी औषधे वेळेवर देईल, मुलगा गाडीतून नेईल, सून पथ्याचे करील. पाऊल मात्र रुग्णानेच उचलावयाचे आहे. प्रोत्साहनाची सर्व शक्ती आणि त्याची सर्व मर्यादा या एका नियमात आली.

कोणी म्हणेल, हे प्रारब्धाचे भोग आहेत, त्यांपुढे यत्नाचा काय पाड? आपल्या घरांतून हा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो, आणि त्यात रुग्णाला थोडे समाधानही मिळते, म्हणून तो उडवून लावू नये. पूर्वकर्माने मनुष्य बांधला गेला असेल तर त्याच्या स्वातंत्र्याला जागा कोठे, या शंकेसाठी लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले आहे. तो सर्व ऊहापोह येथे करण्याचे प्रयोजन नाही. जो प्रारब्ध मानतो त्याने इतके ध्यानात घ्यावे, की शास्त्राने प्रारब्ध भोगावयास सांगितले आहे, त्यात भर घालावयास सांगितलेले नाही. रोग झाला हे प्रारब्ध म्हणा. बसून राहिल्याने सांधे आखडले, तोल गेला, पडून हाड मोडले, हे क्रियमाणाच्या, म्हणजे आता आपण करीत असलेल्या कर्माच्या, खात्यावर पडते. आणि जो प्रारब्ध मानीतच नाही, त्याच्यापुढे तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

मग प्रोत्साहन म्हणजे नेमके काय करावयाचे? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि एकट्या आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरविली आहे. आपले सर्व उपदेश, सर्व तगादे, एकट्या कर्त्यावर रोखलेले असतात, आणि येथे तर कर्ताच रोगाने ग्रासलेला असतो. उरलेल्या कारणांकडे पाहिले तर करण्यासारखे पुष्कळ सापडते. अधिष्ठान म्हणजे देह. म्हणून औषधाचा अंमल चांगला असेल तीच वेळ व्यायामाला द्यावी. करणे म्हणजे साधने. बाकाची उंची, न घसरणारे बूट, भिंतीचा कठडा, मार्गातून काढलेले जाजम. चेष्टांच्या बाबतीत तर या रोगाचे एक आश्चर्यच आहे. आपोआप होणाऱ्या हालचालींची वाट खुंटते, परंतु बाहेरून इशारा मिळाला की हालचाल दुसऱ्या वाटेने होऊ शकते. सपाट फरशीवर जागच्या जागी खिळलेला मनुष्य जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर त्या ओलांडीत चालू लागतो. जिन्यावर त्याला अडचण कमी पडते. ताल ऐकला की पाऊल सुटते. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० साली अशा एका ५८ वर्षांच्या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, की ज्याला चार पावले टाकणे दुरापास्त होते, पण सायकलीवर बसविताच तो सफाईने ती चालवीत निघाला. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट लाखो लोक दरवर्षी चालतात, त्यांतील कित्येकांना एकट्याने, टाळमृदंगावाचून आणि दिंडीवाचून ती चालवली नसती. ताल आणि संगत यांनी मनुष्याच्या इच्छेत भर पडते, हे महाराष्ट्राला निराळे शिकविण्याची गरज नाही. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था रुग्णांना एकत्र आणतात, पुण्यात रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चालले आहेत; त्या सर्वांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. हात थरथरतो म्हणून चारचौघांत जाण्याचा ज्याला संकोच वाटतो, त्याला जिथे सगळ्यांचेच हात थरथरतात अशी एक जागा मिळते, हा लाभ वेगळाच.

शेवटची आणि सर्वांत कठीण शंका अशी: रुग्णाने ‘मला नको’ म्हटले तर? सत्तरी उलटलेल्या, उभे आयुष्य स्वतःच्या मुखत्यारीने जगलेल्या मनुष्यावर हिताच्या नावाखाली जुलूम करण्याचा हक्क कोणाला आहे? जुलमाचा हक्क कोणालाही नाही, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. परंतु ‘नको’ हा शब्द पुष्कळदा मनुष्य बोलत नसतो, रोग बोलत असतो, आणि दोहोंत भेद कसा करावा हा खरा प्रश्न आहे. धार्मिक कृत्याच्या आरंभी देश आणि काल यांचा उच्चार करून संकल्प सोडण्याची आपली रीत आहे. तिच्यातला विवेक असा, की कोणते कर्म, कोठे, केव्हा आणि कोण करणार, हे मन स्थिर असताना एकदा वाचेने ठरून जावे, म्हणजे ऐन वेळी मनाच्या लहरीला वाव राहू नये. रुग्णाचे शरीर आणि मन ज्या वेळी मोकळे असेल त्या वेळी त्याच्याशी बसून, कोणता व्यायाम, कोणत्या वेळी, कोणाबरोबर, हे त्याच्याच तोंडून ठरवून घ्यावे. मग ऐन वेळी आठवण करून देणारी व्यक्ती स्वतःचा हुकूम चालवीत नाही. त्यानेच केलेल्या संकल्पाची ती साक्षीदार असते. आणि मन मोकळे असतानाही, सर्व समजून उमजून, पुन्हा पुन्हा विचारल्यावरही त्याने नकारच दिला, तर तो नकार त्याचा आहे, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

अर्थित्व आणि सामर्थ्य उणावलेल्या मनुष्याला विधी सांगावा की नाही, या आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: सांगावा, परंतु त्या दोहोंतली तूट भरून काढण्याची जबाबदारी सांगणाऱ्याने पत्करावी. सामर्थ्याची तूट औषध, साधने आणि व्यायाम बेतून देणारा फिजिओथेरपिस्ट यांनी काही अंशी भरते. इच्छेची तूट नुसत्या शब्दांनी भरत नाही, ती वेळ देऊन आणि सोबत देऊनच भरावी लागते. व्यायाम हे रुग्णाचे नित्य कर्म असेल, तर तो वेळ आणि ती सोबत हे त्याच्या घरच्यांचे नित्य कर्म आहे, आणि तेही यथाशक्ती केले तरी चालते. सेवेने थकलेल्या पत्नीने एखादा दिवस शेजारणीला पुढे केले तर तिला प्रत्यवाय लागत नाही. ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांनी ‘आज व्यायाम केलात का?’ हा जाब विचारणे उद्यापासून बंद करावे, आणि ठरलेल्या वेळी आपले बूट चढवून ‘चला, मीही येतोय’ एवढेच म्हणावे.